भर उन्हात फ्लॅश कशासाठी?

घरातील वडीलधारी व्यक्ती गेली, की दिवसकार्याच्या आधी एक काम हटकून करावे लागते. भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधावा लागतो. कपाट उघडले जाते, जुने अल्बम बाहेर येतात, मोबाइल चाळले जातात. बहुतेक घरांत अखेर हाती लागतो तो कुणाच्या तरी लग्नात, मांडवाच्या दाराशी, ऐन दुपारी काढलेला घोळक्याचा फोटो. त्यातला तो एक चेहरा कापून मोठा करण्यासाठी स्टुडिओत दिला जातो. मोठा केल्यावर लक्षात येते, की कपाळ पांढरेफटक पडले आहे, नाकाखाली मिशीसारखी काळी सावली आहे आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे आहेत. संगणकावर कितीही कारागिरी केली तरी जे डोळे फोटोत उतरलेच नाहीत, ते आणायचे कोठून?

हा दोष कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो आणि फोटो काढणाऱ्याच्या हाताचाही सहसा नसतो. तो उन्हाचा असतो. त्यावरचा उपायही जुना, सोपा आणि बहुतेक कॅमेऱ्यांत आधीपासूनच असलेला आहे. भर उन्हात फ्लॅश मारायचा! ऐकणाऱ्याला हे दिवसा मशाल पेटवण्यासारखे वाटते. ‘एवढा लख्ख उजेड असताना फ्लॅश कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी छायाचित्रकाराला विचारतोच. या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. छायाचित्रणाच्या भाषेत या तंत्राला ‘फिल फ्लॅश’ म्हणतात. फोटोतील मुख्य प्रकाश सूर्याचाच राहतो. फ्लॅशचा झोत केवळ सावल्यांची भर करतो.

दुपारचे ऊन आणि इमारतींची दाटी

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक परिसराचे उदाहरण घ्यावे. उंच इमारती, त्यांच्या मधोमध सोसायटीचे आवार, कडेला गाड्यांच्या रांगा आणि मोकळ्या उरलेल्या जागेत कधी हळदीचा मांडव, कधी सत्यनारायणाची पूजा, कधी प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन चेहऱ्याला सर्वांत चांगले, हे पुस्तकी ज्ञान बरोबरच आहे. परंतु दोन इमारतींच्या मधल्या आवारात त्या वेळी ऊन उतरतच नाही. ते समोरच्या इमारतीला अडते. आवारात ऊन येते तेच मुळी सूर्य डोक्यावर आल्यानंतर. त्यातच आपल्याकडचे अनेक लग्नमुहूर्त दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराचे. म्हणजे फोटो काढण्याची वेळ आणि उन्हाची सर्वांत वाईट वेळ नेमकी एकच येते.

यात भूगोलाचाही वाटा आहे. मीरा-भाईंदर साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य येथे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच लपते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैत बहुधा ढग असतात, परंतु मे महिना हा लग्नसराईचा. याउलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. त्याचे ऊन तिरपे येते आणि चेहऱ्याच्या एका बाजूला तरी नीट पोहोचते. तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीतले दुपारचे फोटो मे महिन्यातल्या फोटोंपेक्षा बरे येतात, त्यामागचे एक कारण हेच.

आणखी एक बाब. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि भाईंदर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. त्यामुळे येथील खरी माध्यान्ह घड्याळात बारा वाजता होत नाही. ऋतुमानानुसार ती साडेबाराच्या अलीकडे-पलीकडे होते. ‘बारा वाजून गेले, आता ऊन कलले’ असे समजून एक वाजता वधूवरांना उन्हात उभे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डोळ्याला दिसते, कॅमेऱ्याला दिसत नाही

सूर्य डोक्यावर असला, की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचे उंचवटे उजळतात. भुवयांच्या खाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली मात्र गडद सावली पडते. स्वच्छ उन्हात या उजळ आणि काळ्या भागांत साधारण आठपटीचा फरक असतो. छायाचित्रकार उजेडाचा हिशेब ‘स्टॉप’मध्ये करतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. त्या हिशेबाने हा फरक तीन स्टॉपचा झाला.

समोर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही. मानवी डोळा क्षणोक्षणी जुळवून घेतो, मेंदू त्यात दुरुस्ती करतो आणि मावशीचे डोळे आपल्याला नीट दिसतात. कॅमेरा मात्र एका क्षणी एकच माप धरतो. कपाळ बरोबर यावे म्हणून उजेड कमी घेतला तर डोळे काळे होतात. डोळे दिसावेत म्हणून जास्त घेतला तर कपाळ, पांढरा सदरा आणि मागचे आकाश पार उडून जाते.

मराठमोळ्या पेहरावात ही अडचण आणखी वाढते. नवरदेवाचा फेटा, वारकऱ्याची टोपी, आजोबांची काळी टोपी, आजींचा डोक्यावरून घेतलेला पदर ही सारी चेहऱ्यावर छप्पर धरतात. मुंडावळ्यांच्या सरांची सावली गालांवर काळ्या रेघोट्या ओढते. नथीची सावली ओठांवर उतरते. गहू किंवा सावळ्या वर्णाच्या चेहऱ्यासमोर पांढरेशुभ्र धोतर असले, तर स्वयंचलित मोडमधला कॅमेरा पांढऱ्याला सांभाळायला जातो आणि चेहरा अधिकच काळा करतो. उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील सुकत घालणाऱ्या कोळणींचे किंवा भाईंदरच्या मिठागरांवर राबणाऱ्या कामगारांचे अनेक फोटो समुद्र आणि मिठाचे ढीग छान दाखवतात, पण माणसांचे चेहरे हरवून बसतात, ते यामुळेच. श्रमणारा माणूस फोटोत आहे, पण ओळखू येत नाही, ही काही छोटी उणीव नव्हे.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हे सर्वांत आधी उमगले, यात नवल नाही. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावलीतला बारीक तपशील भरून जाऊन काळा ठिपका होतो. पडद्यावर कसाबसा दिसणारा चेहरा छापून आल्यावर नाहीसाच होतो. म्हणूनच दुपारच्या सभेत, मोर्चात किंवा दिंडीत वृत्तछायाचित्रकाराचा फ्लॅश भर उन्हात चमकताना दिसतो.

सावलीची भर, गणितासह

फ्लॅशने नेमके काय होते, हे एका सोप्या हिशेबाने कळेल. उन्हात असलेल्या कपाळावर आठ भाग उजेड आहे आणि डोळ्यांच्या खोबणीत एक भाग, असे समजावे. प्रमाण आठास एक. आता कॅमेऱ्याजवळून फ्लॅशचा झोत टाकला. तो समोरून येतो, त्यामुळे कपाळावर आणि खोबणीत सारखाच पडतो. झोताची शक्ती उन्हाच्या निम्मी, म्हणजे एक स्टॉप कमी ठेवली, तर दोन्हीकडे चार-चार भागांची भर पडते. कपाळावर बारा, खोबणीत पाच. प्रमाण जवळजवळ अडीचास एक झाले. फ्लॅश उन्हाच्या पाव शक्तीवर, म्हणजे दोन स्टॉप कमी ठेवला, तर कपाळावर दहा आणि खोबणीत तीन भाग होतात. प्रमाण सव्वातीनास एकच्या आसपास. दोन्ही प्रमाणे कॅमेऱ्याला सहज पेलण्याजोगी आहेत.

फ्लॅश उन्हाइतकाच ठेवला तर काय होईल? कपाळावर सोळा, खोबणीत नऊ. सावली जवळपास पुसली जाते, चेहरा सपाट होतो आणि कपाळ दुपटीने उजळून पांढरे पडते. भर उन्हातला फ्लॅश अनेकांना नकली वाटतो, तो या अतिरेकामुळे. म्हणून कॅमेऱ्यावर फ्लॅशची शक्ती कमी-जास्त करण्याची जी सोय असते, ती उणे एक ते उणे दोन यांच्या दरम्यान ठेवावी. सावली राहिलीच पाहिजे. ती केवळ पातळ झाली पाहिजे. चेहऱ्याला उठाव असतो तो सावलीमुळेच.

झोताचा आणखी एक लाभ आहे. डोळ्यांच्या बुबुळांत एक बारीक पांढरा ठिपका चमकतो. हा ठिपका नसेल तर डोळे निर्जीव वाटतात, असेल तर फोटोतला माणूस आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते. ‘चेहरे’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे असलेले गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांच्यासारख्या व्यक्तिचित्रकारांना योजून केलेल्या प्रकाशरचनेत हा ठिपका हवा तिथे आणता येई. मांडवाच्या दारात ती सोय नसते. तेथे एक छोटा फ्लॅश ते काम करतो.

शटरची मर्यादा

येथपर्यंत सारे सोपे आहे. खरी गोम शटरमध्ये आहे. फ्लॅशचा झोत अत्यंत अल्पकाळ टिकतो. साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आणि कमी शक्तीवर त्याहूनही कमी. त्यामुळे शटर किती वेळ उघडे राहते याचा फ्लॅशच्या उजेडावर परिणाम होत नाही. त्यावर परिणाम होतो तो भिंगाच्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा, आयएसओचा आणि अंतराचा. सूर्याच्या उजेडावर मात्र शटर आणि अॅपर्चर दोहोंचा परिणाम होतो. एवढे समजले, की फिल फ्लॅशचे निम्मे तंत्र समजले.

भिंग बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर दोन पडद्यांचे असते. पहिला पडदा सरकून उघडतो, दुसरा मागून येऊन बंद करतो. वेग फार वाढवला, तर पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि दोहोंमधली एक फट फक्त पुढे सरकत जाते. त्या क्षणी फ्लॅश चमकला तर तो त्या फटीपुरताच उमटतो आणि उरलेल्या फोटोत काळा पट्टा येतो. संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी राहील असा जो सर्वाधिक वेग, त्याला ‘सिंक स्पीड’ म्हणतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० ते १/२५० सेकंद असतो. फिल्मच्या जमान्यात पेंटॅक्स के-१००० सारख्या कॅमेऱ्यावर तो केवळ १/६० होता. १९८२ मध्ये आलेल्या निकॉन एफएम-२ ने तो १/२०० वर नेला, तेव्हा त्याचे अप्रूप वाटले ते याचसाठी.

गंमत म्हणजे जुन्या स्टुडिओंतल्या याशिका मॅट-१२४जी सारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांना ही अडचण नव्हती. त्यांचे शटर भिंगातच बसवलेले, पाकळ्यांसारखे उघडणारे होते. त्यामुळे १/५०० सेकंदापर्यंत कोणत्याही वेगाला फ्लॅश चालत असे. पोटाशी धरलेला तो जुना कॅमेरा भर उन्हातल्या फ्लॅशसाठी पुढच्या काळातल्या अनेक कॅमेऱ्यांहून सरस होता, असेच म्हणावे लागेल.

आता प्रत्यक्ष आकडे. स्वच्छ उन्हासाठी जगभर एक जुना ठोकताळा वापरला जातो. अॅपर्चर एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओइतका. म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. सिंक स्पीड १/२०० धरला तर अॅपर्चर एफ/११ होते. फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ने मोजतात. या आकड्याला अॅपर्चरच्या आकड्याने भागले, की फ्लॅश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. कॅमेऱ्यावर बसवायच्या एखाद्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ४० मीटर असेल, तर ४० भागिले ११, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरपर्यंत तो उन्हाची बरोबरी करतो. एक स्टॉप कमी चालत असल्याने तोच पाच मीटरपर्यंत पुरतो. कॅमेऱ्यात बसवलेल्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ असेल, तर हेच अंतर अनुक्रमे सव्वा मीटरच्या आत आणि दीड मीटर येते. म्हणजे एकट्या-दुकट्याच्या चेहऱ्यासाठी छोटा फ्लॅश पुरे. वऱ्हाडाच्या समूहचित्रासाठी तो निरुपयोगी.

अंतराचा नियम येथे फार कठोर आहे. अंतर दुप्पट झाले, की उजेड निम्मा नव्हे, तर चौथाई होतो. समूहचित्रात पुढच्या रांगेतली मुले उजळ आणि मागच्या रांगेतले काका-मामा काळे, असे होते त्याचे कारण हेच. अशा वेळी छायाचित्रकाराने थोडे मागे जाऊन मोठा फ्लॅश वापरावा, म्हणजे पुढच्या-मागच्या रांगांच्या अंतरातला सापेक्ष फरक कमी होतो. रांगाही शक्यतो दोनच ठेवाव्यात.

पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर

हल्ली वधूवरांना मागचे दृश्य धूसर झालेले फोटो हवे असतात. त्यासाठी अॅपर्चर एफ/२.८ सारखे मोठे उघडावे लागते. पण उन्हात आयएसओ १०० ला एफ/२.८ ठेवले, तर शटर १/३२०० सेकंदावर न्यावे लागते आणि तेथे साधा फ्लॅश चालत नाही. यावर दोन मार्ग आहेत.

पहिला ‘हायस्पीड सिंक’चा. ऑलिम्पसने १९८६ मध्ये ओएम-४टीआय या कॅमेऱ्याच्या जोडीला एफ-२८० हा फ्लॅश आणला, त्यात ही सोय प्रथम आली. यात फ्लॅश एकदाच न चमकता फट पुढे सरकत असेपर्यंत अतिशय वेगाने लुकलुकत राहतो, जणू तेवढ्यापुरता अखंड दिवाच. किंमत मात्र मोजावी लागते. झोताची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक घटते, बॅटरी लवकर संपते आणि फ्लॅश जवळ आणावा लागतो. दुसरा मार्ग भिंगावर करडी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावण्याचा. चार स्टॉपच्या काचेने एफ/२.८ वर १/२०० सेकंद पुन्हा साधता येतो. ही काच सूर्याबरोबर फ्लॅशचाही उजेड अडवते, त्यामुळे फ्लॅशला एफ/११ इतकेच श्रम पडतात. पण हायस्पीड सिंकइतकी ताकद वाया जात नाही.

तंत्रज्ञान या अडचणीच्याही पुढे निघाले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए-९ मार्क तीन या कॅमेऱ्यात पडद्यांचे शटरच नाही. सारी चौकट एकाच क्षणी टिपली जाते आणि १/८०,००० सेकंदालाही फ्लॅश चालतो. अर्थात अशा कॅमेऱ्याची किंमत सामान्यांच्या आवाक्यातली नाही.

सूर्य पाठीशी घ्यावा

‘सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा’ हा शाळेपासून ऐकलेला सल्ला डोळे मिचकावणारे चेहरे देतो. समोरून ऊन आले की माणूस डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि घामही येतो. फ्लॅश हाताशी असेल तर उलटे करावे. माणसांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे. केसांच्या, पदराच्या, फेट्याच्या कडेला सोनेरी झळाळी येते, डोळे मोकळे राहतात आणि सारा चेहरा एकसारख्या सावलीत येतो. कॅमेऱ्याचे माप मागच्या दृश्यावर धरावे आणि चेहरा फ्लॅशने उजळावा. सूर्य कलल्यावर ही युक्ती सर्वांत चांगली वठते; अगदी डोक्यावर असताना तिचा लाभ कमी मिळतो.

फ्लॅशचा उजेड साधारण दुपारच्या उन्हाच्याच रंगाचा, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपासचा असतो. त्यामुळे दुपारी तो बेमालूम मिसळतो. सूर्यास्तापूर्वी जेसल पार्क चौपाटीवर फोटो काढताना मात्र ऊन तांबूस झालेले असते आणि फ्लॅशने उजळलेला चेहरा निळसर दिसतो. तेव्हा फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटिन कागद लावतात. याउलट रंगीत मांडवाच्या कापडातून गाळून आलेले ऊन चेहऱ्यावर लाल किंवा हिरवी छटा टाकते. तेथे फ्लॅश जरा वाढवला तर चेहऱ्याचा रंग बराचसा मूळ पदावर येतो. हळदीने माखलेला किंवा घामेजलेला चेहरा झोत परावर्तित करतो, म्हणून आधी रुमालाने हलकेच टिपून घ्यावा. चष्मा असेल तर मान किंचित वळवावी, नाहीतर काचेवर फ्लॅश चमकतो.

फ्लॅश नसेल तर

फ्लॅश येण्यापूर्वीही माणसांचे उत्तम फोटो निघत होते. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी उजेड निर्माण करता येत नव्हता. तो वळवावा किंवा गाळून घ्यावा लागे. मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर जर्मनीत आली ती १८८७ मध्ये. पुढे उजेड वळवण्याची ही कला चित्रपटाने वाढवली. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) छायालेखक सुब्रत मित्र यांनी पांढऱ्या कापडावर दिवे टाकून त्यांचा परतलेला मऊ उजेड वापरला आणि सेटवर दिवसाचा भास निर्माण केला. आजही बाह्यचित्रीकरणात उन्हात उभ्या असलेल्या नटाच्या डोक्यावर पातळ पांढरे कापड ताणतात आणि चेहऱ्यावर रिफ्लेक्टरने उजेड टाकतात.

घरगुती छायाचित्रकाराला हेच करता येईल. अंतरपाटाएवढे पातळ पांढरे कापड दोघांनी डोक्यावर ताणून धरले, तर कडक ऊन मऊ होते. कमरेच्या उंचीवर पांढरा पुठ्ठा धरला, तर खालून उजेड परतून डोळ्यांच्या खोबणीत जातो. पूर्वी यासाठी सर्रास थर्माकोल वापरत. राज्यात त्याच्या अनेक वस्तूंवर २०१८ पासून निर्बंध आहेत आणि पुठ्ठ्याने तेच काम भागते. पांढरी रंगवलेली भिंत समोर असेल तर तीही रिफ्लेक्टरच. इमारतीखालच्या पार्किंगच्या कडेला, छपराच्या किंचित आत उभे राहिले तर डोक्यावरचे ऊन अडते आणि समोरचा उघडा उजेड चेहऱ्यावर येतो. अट एकच, की मागे भगभगीत उन्हाची नव्हे, तर पार्किंगमधली सावलीची बाजू यावी.

मोबाइलचे काय?

आज बहुतेक फोटो मोबाइलवरच निघतात. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एलईडीचा बारीक दिवा. उन्हापुढे त्याचे काही चालत नाही. मोबाइल दुसरी युक्ती वापरतो. तो एका क्षणात अनेक फोटो घेतो आणि त्यांचा उजळ-काळा भाग एकत्र करून एक फोटो तयार करतो. आयफोनमध्ये ही एचडीआरची सोय २०१० मध्ये आली आणि नंतर सर्वच कंपन्यांनी ती स्वीकारली. त्यामुळे आकाशही राहते आणि चेहराही दिसतो. पण या युक्तीला एक मर्यादा आहे. ती सावली उजळते, उजेडाची दिशा बदलत नाही. खोबणीतला करडेपणा कमी झाला तरी बुबुळातला तो चमकता ठिपका येत नाही, आणि सावलीचा भाग फार ओढून उजळला तर त्वचा मेणासारखी किंवा रवाळ दिसते. म्हणून मोबाइलवाल्यांनी फ्लॅशपेक्षा जागेकडे लक्ष द्यावे. पुठ्ठा, भिंत आणि छपराची कड हेच त्यांचे फ्लॅश.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. स्वयंचलित मोडमध्ये उन्हात फ्लॅश आपोआप चमकत नाही, कारण कॅमेऱ्याच्या मते उजेड पुरेसा असतो. विजेच्या बाणाची खूण निवडून तो सक्तीने चालू करावा लागतो. आयएसओ शक्य तितका कमी, शटर सिंक स्पीडवर किंवा त्याखाली, फ्लॅश उणे एक ते उणे दोन. पूर्ण ताकदीच्या प्रत्येक झोतानंतर फ्लॅशला पुन्हा तयार व्हायला काही सेकंद लागतात, म्हणून घाईने बटण दाबू नये. बॅटरीचे जादा सेल खिशात असावेत. वयोवृद्धांना आणि लहान मुलांना झोत येणार असल्याची आधी कल्पना द्यावी. दचकलेला चेहरा कोणत्याही उजेडात चांगला येत नाही.

आणि हे सारे मुहूर्ताच्या वेळी करून पाहू नये. कार्याच्या आदल्या दिवशी, त्याच जागी, त्याच वेळेला, घरातल्याच कुणाला तरी टोपी किंवा पदर घेऊन उभे करावे. एक फोटो फ्लॅशशिवाय, एक उणे एकवर, एक उणे दोनवर घ्यावा. तिन्ही मोठे करून फक्त डोळ्यांकडे पाहावे. ज्या फोटोत डोळे दिसतात आणि फ्लॅश दिसत नाही, तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी गडबडीत तेवढाच कागद कामाला येतो.